असतंच तसं

मागच्या आठवड्यात गिरणीत बाळू बसल्या बसल्या झोपला. उन्हाळी कामं सुरू झालीत, पापडाच्या उडदाची रांग पार दारापर्यंत, आणि हा काट्याशेजारच्या स्टुलावर मान टाकून गाढ. हातात चिठ्ठी तशीच. रांगेतल्या एक ओळखीच्या काकू म्हणाल्या, "झोपू दे गं त्याला. असली माणसं झोपाळूच असतात. असतंच तसं."

काकू मायेनंच बोलल्या, त्यांच्यावर राग नाही. पण "असतंच तसं" ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. गेली 38 वर्षं हे दोन शब्द आमच्या घरात ये-जा करतायत. आणि बहुतेक वेळा त्यांच्या आड काहीतरी भलतंच दडलेलं निघालंय.

बाळू माझा धाकटा भाऊ. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. कराडात आमची पिठाची गिरणी आहे, बाबांनी टाकलेली. ते गेल्यापासून आई, बाळू आणि एक कामगार मिळून चालवतात. मी एका पतसंस्थेत नोकरीला, संध्याकाळी हिशेबाला गिरणीत येते.

बाळूचा जन्म 1987 च्या श्रावणातला. मी सहा वर्षांची होते, आई 24 ची. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं, "मंगोल बेबी आहे." बाबांनी घरी येऊन चुलतभावाची नकाशावही काढली आणि मंगोलिया शोधला. हे आता हसू येण्यासारखं वाटतं, पण दुसरं काय करणार होते ते? लँग्डन डाऊन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं 1866 मध्ये या मुलांचं वर्णन केलं, तेव्हा तोंडावळा बघून त्यानं हे नाव चिकटवलं. मंगोलियानं हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं 1965 मध्ये ते सोडून दिलं. आमच्या डॉक्टरांपर्यंत ती बातमी 22 वर्षांनीही पोचली नव्हती.

पुढं बाळूचं रक्त मुंबईला पाठवलं. तो रिपोर्ट आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे, घड्यांवर फाटलेला. त्यावर टाइप केलंय, '47, एक्सवाय, अधिक 21'. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं असतात 46, म्हणजे 23 जोड्या. बाळूच्या 21 व्या जोडीत दोनाच्या जागी तीन आहेत. एवढंच. 1959 मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी ते पहिल्यांदा जाहीर केलं. बीजपेशी तयार होताना वाटणीत एक गुणसूत्र जास्तीचं जातं, आणि त्यावर ना आईची सत्ता, ना बापाची. पण वाड्यातल्या बायकांचं ठरलं होतं की हिनं ग्रहणात विळी हातात धरली असणार. आई अजून म्हणते, "त्या साली गिराण कधी लागलं हेच मला ठाऊक न्हाई, विळी कुठली धरतीय."

तिच्या वयाचंही बोलायचे लोक. आईचं वय वाढतं तशी डाऊनची शक्यता वाढते हे खरं आहे. पण आपल्याकडं मुलं होतात ती मुख्यतः तरुण बायकांनाच, त्यामुळं डाऊनची बाळंही बहुतेक तरुण आयांच्याच पोटी येतात. आई त्यातलीच.

पहिलं "असतंच तसं" दुधावरून. बाळूला अंगावर ओढता येईना. अशी बाळं लुळी असतात, चोखत नाहीत, असं सांगितलं गेलं. ते अर्धं खरं होतं, यांचे स्नायू सैलच असतात. पण दूध पिताना याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहायचे, थंडीतसुद्धा. आई वाटी-चमच्यानं पाजत राहिली. चौदाव्या महिन्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये भोक होतं. डाऊनच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. आता तर जन्मल्या जन्मल्या इकोची तपासणी करून घ्या म्हणतात, आणि ती करायलाच हवी, कारण उशीर झाला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढून ऑपरेशनची वेळ निघून जाते. बाळूची वेळ हुकता हुकता राहिली. दोन वर्षांचा असताना मुंबईला ऑपरेशन झालं, आणि छातीवरचा उभा व्रण तो अजून गिऱ्हाइकांच्या पोरांना शर्टाची बटणं काढून दाखवतो. पोरं जाम घाबरतात, याला मजा येते.

दुसरं कानांचं. ते मला जास्त लागलेलं आहे, कारण त्यात मीही होते.

त्याला साध्या शाळेत घातलं होतं, पहिलीत, मी त्याच शाळेत सातवीत. मास्तर म्हणायचे, हाक मारली तर बघतसुद्धा नाही, हट्टी आहे. अशी मुलं हट्टी असतातच. मीही मधल्या सुट्टीत मैत्रिणींना तेच सांगायचे, म्हणजे त्याच्या वतीनं मला लाजायला नको. घरी मात्र तो गिरणीत तासन्‌तास बसायचा. चक्की सुरू झाली की जमिनीवर पालथा पडायचा, गाल फरशीला लावून, आणि हसायचा. आम्हाला वाटायचं, गिरणीवाल्याचं पोर, गिरणीची आवड असणारच.

एका दिवाळीत फटाक्यांची माळ त्याच्यापासून चार हातांवर उडाली आणि तो लाडूच खात राहिला. बाबा उठले आणि दुसऱ्या दिवशी त्याला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात. आत पाणी साठतं, ते डिंकासारखं घट्ट होतं, आणि दुखत नसल्यामुळं कुणाला कळतही नाही. बाळू सात वर्षं जगाला पाण्याखालून ऐकत होता. पडद्याला बारीक छिद्र पाडून त्यात नळी बसवली. दोन दिवसांनी घरी आला, बाबांनी चक्की सुरू केली, आणि बाळू कानांवर हात दाबून किंचाळत सुटला तो थेट विहिरीपर्यंत. आधी तो गिरणी ऐकत नव्हताच. फरशीतून गालाला लागणारी थरथर त्याला आवडत होती.

महिनाभर तो गिरणीत पाऊल टाकेना. बाबा मात्र त्या महिन्यात रोज रात्री गिरणी बंद करून त्याच्याशी बोलत बसायचे. नुसते शब्द. डबा. काटा. पीठ. ताई. बाळूचे नीट बोललेले पहिले शब्द ते. जीभ आजही जड आहे, नवख्याला निम्मं कळत नाही, पण कान उघडले नसते तर हेही आलं नसतं.

सगळ्यालाच आजाराचं नाव देता येत नाही, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी खोटं लिहिलं असं होईल. बाळूला बेरीज-वजाबाकी आली नाही. शाळा बदलली, खास मुलांच्या शाळेत दहा वर्षं गेला, तिथल्या बाईंनी जीव ओतला, तरी आली नाही. अक्षरओळख नावापुरती. पण बाबा हिकमती माणूस. त्यांनी चिठ्ठ्या केल्या. गोल काढला की ज्वारी-बाजरी, कारण भाकरी गोल. त्रिकोण म्हणजे गहू, कारण आईची चपाती घडीची. वेड्यावाकड्या रेघा म्हणजे भाजणी, चकलीची. दोन गोल म्हणजे पुरणाचं, का ते बाबांनाच ठाऊक. बाळू चिठ्ठीवर खूण काढतो, डब्याच्या कडीला अडकवतो, आणि कुणाचा डबा कुठला हे त्याला कधी विचारावं लागत नाही. चाळीस डबे असले तरी. चक्कीच्या पट्ट्याच्या बाजूला फरशीवर बाबांनी पिवळी रेघ मारली होती. ती रेघ आता पुसून गेलीय, बाळू अजूनही ती ओलांडत नाही.

आणि पीठ. चिमटीत घेऊन अंगठा एकदा फिरवतो आणि "भरड" म्हणतो. कामगार म्हणतो, बरोबर तर आहे. मग दोघं दगड उघडून बघतात आणि दगडाला टाकी लावून खरबरीत करायची वेळ झालेली असते.

पैशांचं आम्ही रंगांवर बसवलं होतं. सहा-सात वर्षं लागली त्याला नोटा रंगावरून ओळखायला. मग नोव्हेंबर 2016 आला. एका रात्रीत त्याची पाचशेची नोट गेली आणि राखाडी रंगाची आली. पाठोपाठ दोनशेची पिवळी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, आणि जुनी शंभरची पण चालूच. बाळू गल्ल्यासमोर दोन्ही शंभरच्या नोटा शेजारी ठेवून माझ्याकडं बघायचा. देशातल्या कुणीच त्याचा विचार केला नसणार. त्यानं गल्ल्याला हात लावणं सोडलं. मग आता ते कोडचं आलं, गिऱ्हाईक फोननं पैसे देतं आणि कोपऱ्यातला स्पीकर मराठीत मोठ्यानं ओरडतो, इतके रुपये मिळाले. बाळू तो ओरडेपर्यंत डबा सोडत नाही. नात्यातल्या माणसाचाही नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी तो ट्रंकेतला रिपोर्ट बाबा पत्रिकेबरोबर घेऊन फिरायचे. "तुमच्या घरात असं आहे" असा विषय निघाला की बाबा कागद उलगडायचे. शंभरातल्या तीन-चार जणांतच जास्तीचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, तो आईबापाकडून आलेला असू शकतो. आमच्या बाळूचं तसं नाही, सुटं तिसरं आहे, घराण्यातून येत नाही. एवढं सगळं ते पाठ म्हणायचे. दोन स्थळं तरी गेलीच. तिसऱ्या ठिकाणी माझ्या आत्ताच्या सासूबाईंनी कागद उलटा धरून बघितला, परत दिला आणि विचारलं, "पोरगा जेवतो का नीट?"

2011 मध्ये बाळू विझला. दुसरा शब्द सुचत नाही. वय 24. सकाळी उठेना, बोलणं कमी, वजन वाढलं, कातडी कोरडी, उन्हाळ्यात स्वेटर मागायचा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, अशी मुलं वयात आली की सुस्तावतात, असतंच तसं, आता याहून जास्त अपेक्षा नको. आई त्या दिवशी गिरणीत येऊन माझ्याशी काहीच बोलली नाही, नुसती भुसा झाडत राहिली. सहा महिने आम्ही ते मान्य केलं. शेवटी शाळेतल्या त्या बाई लग्नाची पत्रिका द्यायला आल्या, त्याच्याकडं बघितलं आणि दारातच म्हणाल्या, "थायरॉईड केलंय का?" टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावलं की रक्तात वाढतं ते संप्रेरक, साठच्या वर होतं. गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी एक, पाण्याबरोबर. तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा भांडायला लागला. मी पतसंस्थेत रडले, आनंदानं. डाऊनमध्ये थायरॉईड इतका नेहमीचा आहे की दर वर्षी रक्त तपासायचं असतं. हे ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांनी सांगितलं नाही, पत्रिका द्यायला आलेल्या बाईंनी सांगितलं.

त्यानंतर मी वाचायला लागले, आणि वाचण्याचा एक तोटा झाला. 2023 मध्ये बाळू गिरणीच्या पायरीवर अडायला लागला. एकच पायरी, जन्मापासूनची. पायानं चाचपायचा, मग बसूनच उतरायचा. डब्यांत चुका व्हायला लागल्या. आणि मला तर ठाऊक होतं की मेंदूत ज्या प्रथिनाचे थर साचून अल्झायमर होतो, त्याचं जनुक नेमकं 21 व्या गुणसूत्रावरच असतं. बाळूकडं ते तीन. डाऊनच्या माणसांना विसरण्याचा हा आजार इतरांपेक्षा फार लवकर गाठतो, पन्नाशीच्या आसपास. मी रात्री झोपत नव्हते. यावेळी "असतंच तसं" म्हणणारी मीच होते, फक्त माझ्याकडं शास्त्र होतं.

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. छत्तिसाव्या वर्षी.

एवढ्यावर धडा घ्यायला हवा होता, पण ते पुढं येतंय. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करायचं ठरलं, तो स्वस्थ पडणार नाही म्हणून. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी मानेचा एक्स-रे मागितला. यांच्या मानेचे वरचे दोन मणके कधी कधी सैल असतात, भूल देताना मान फार मागं वाकवली तर मज्जारज्जूला इजा व्हायची. त्यांना हे माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं. अशी माणसं भेटली की माझा अर्धा राग तिथंच उतरतो. शिवाय त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, विचारलं, "काल रात्री काय जेवलात?" आणि गप्प बसल्या.

हे गप्प बसणं सगळ्यांना जमत नाही. बाळूला प्रश्न आत पोचायला, उत्तर जुळवायला आणि जीभ हलवायला वेळ लागतो, मनात दहा आकडे म्हणा इतका. लोक तिसऱ्या आकड्याला तोच प्रश्न मोठ्यानं परत विचारतात. मग तो पहिल्यापासून सुरू करतो. पाचव्याला माझ्याकडं वळून विचारतात, "त्याला कळतं का?" डॉक्टरीणबाई दहापर्यंत थांबल्या. बाळू म्हणाला, "पिठलं. खारट."

पट्टी काढल्यावर त्यानं मला निरखून बघितलं आणि म्हणाला, "ताई, म्हातारी झालीस."

बाबांच्या पश्चात कागदांचंही केलं. मूल 18 चं झालं की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांना ठाऊकच नसतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाची निरामय विमा योजनाही आहे, एक लाखापर्यंतची. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, ही ताई पालक म्हणून चालेल का? दहा आकडे गेले. "चालेल. ओरडते पण." आणि हो, आपलं नाव बाळासाहेब आहे, हेही त्यानं तिथंच सांगितलं. बाळू नाही. तेव्हापासून गिरणीतही त्याची तीच तक्रार असते. रांगेतली पोरं "ए बाळू" म्हणाली की त्यांचा डबा शेवटी.

येत्या 21 तारखेला डाऊन सिंड्रोम दिन. तीन प्रती 21 व्या गुणसूत्राच्या म्हणून तिसऱ्या महिन्याची 21. संयुक्त राष्ट्रांनी 2012 पासून मानलेला. त्या दिवशी वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालायची पद्धत आहे, पण बाळासाहेबांना मोज्यांचा मनस्वी तिटकारा.

तर झोपेचं. त्या काकू गेल्यावर मला एकदम त्याच्या लहानपणचा फोटो आठवला. अल्बममध्ये आहे. बाळू अंथरुणावर मांडी घालून बसलाय आणि तसाच पुढं वाकून, कपाळ गादीला टेकवून झोपलाय. तो कायम असाच झोपायचा. आम्ही म्हणायचो, बघा, झोपेतसुद्धा देवाला नमस्कार करतोय. पाहुण्यांना दाखवायचो. घोरण्यावरून हसायचो, आई म्हणायची बापावर गेलाय.

काल रात्री मी त्याच्या खोलीत दाराशी बसून राहिले. तो घोरतो. मग घोरणं थांबतं. काहीच ऐकू येत नाही. मी मनात आकडे म्हणत होते, सवयीनं, आणि दहा ओलांडून वीसच्या पुढं गेले. मग तो धक्का बसल्यासारखा श्वास ओढतो, कूस बदलतो, उठून मांडी घालतो आणि पुढं वाकतो. जीभ मागं पडून, घसा मिटून श्वास अडतो यांचा, हे फार जणांना होतं. पुढं वाकलं की वाट थोडी मोकळी होते. त्याचा उपाय त्यानं लहानपणीच शोधून काढला होता. आम्ही फोटो काढत बसलो.

शुक्रवारी रात्री तपासणी आहे. अंगाला वायरी लावून झोपवतात आणि रात्रभर श्वास मोजतात. सोबत एक माणूस चालतं, मी जाणार आहे. आज संध्याकाळी गेले तर गिरणीच्या दारावर खडूनं एक चिठ्ठी काढलेली होती, सगळ्या खुणांवर एकच मोठी फुली. आणि बाळू प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून सांगत होता, "शुक्रवारी संध्याकाळी गिरणी बंद. बाळासाहेब झोपायला जाणार."